मुरलेली खळ

१५ जानेवारी २००२, मंगळवार

पतसंस्थेने फुकट दिलेल्या या डायरीत पंधरा दिवस मी फक्त दुधाचे खाडे लिहिले. आज लिहायला काहीतरी आहे, कारण काल संक्रांतीच्या दिवशी मी चारचौघांत तोंड उघडलं.

झालं असं. तिळगूळ घ्यायला धाकट्या भावाकडे, गेणभाऊकडे गेलो होतो. त्याच्या शीलाचं लग्न ठरलंय, पाच मेला. मुलगा आळेफाट्याचा, घरचं हॉटेल. तिथे रुखवताचा विषय निघाला. मुलीकडच्या बायांनी हाताने केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि मुलाकडच्या बायांनी त्यांत खोडी काढून जेवणाआधी भूक वाढवायची, असा हा आपला रिवाज. शीलाची आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा रुखवत करणार कोण, असा प्रश्न पडला. गेणभाऊ म्हणाला, "नारायणगावातनं तयार आनू." शीलाने हातातला तिळगूळ परत ताटात ठेवला. ते बघून मी म्हणालो, "विकतचं कशाला? मी करतो की, कागदाचं. पोस्टात चौतीस वर्षं खळ लावलीय."

एवढ्यावर थांबावं की नाही. पण ओझरचं देऊळ, मोर, बैलगाडी, मडक्यांची उतरंड आणि तुळशीवृंदावन, अशा पाच वस्तूही जाहीर करून टाकल्या. मी आजवर कागदाची होडीसुद्धा केलेली नाही.

आमची ही, ठमाबाई, शेजारीच बसली होती. "करा की, छान व्हईल," म्हणाली. एकतीस ऑगस्टला मी रिटायर झालो, तेव्हापासून मी काहीही केलं तरी ती छानच म्हणते. आधी अशी नव्हती. मी आणलेल्या मेथीच्या जुडीलाही चार नावं ठेवायची. वयाने माणूस निवळतं ते असं. आणि तसं मी साडेचार महिन्यांत केलं तरी काय? सकाळी साडेनऊला बाहेरच्या पायरीवर बसायचो आणि साडेपाचला उठायचो. मधे जेवणाची सुट्टी घ्यायचो.

१७ जानेवारी, गुरुवार

खळ केली. पातेलंभर पाणी उकळलं, अर्धा किलो मैदा एकदम ओतला आणि उलथन्याने घोटला. ही सरकारी पद्धत असावी. असावी म्हणतो, कारण पोस्टात खळ करायचं काम पॅकर चिमाजीचं होतं. दर सोमवारी मी जाऊन बसायच्या आत भरलेला डबा माझ्या टेबलावर हजर असायचा. मी चौतीस वर्षं त्यात ब्रश बुडवला. पण सुगरणीचा नवरा जेवून जेवून चवीत तयार होतोच, तसं माझं.

पाण्यात लाडू पोहू लागले. ठमा दारातून म्हणाली, "पीठ आधी गार पान्यात कालवत्यात म्हनं."

"ठमा, पोस्टाच्या कामात तू बोलू नकोस."

"बरं. मागच्या ओट्यावर झाकून ठिवा मंग. सकाळपत्तोर हुईल नीट."

१८ जानेवारी, शुक्रवार

काय सांगावं, झाली नीट. सकाळी झाकण काढलं तर एक गाठ नाही. बोट बुडवलं तर अंगठ्याला चिकटून बसलं. अगदी पोस्टातल्यासारखी. म्हणजे खळ लोणच्यासारखी मुरते. हे कोणत्याही पुस्तकात असेल असं वाटत नाही. चिमाजीला हे माहीत होतं आणि त्याने चौतीस वर्षं मला सांगितलं नाही, हा त्याचा लबाडपणा. ठमाला सांगितलं. ती म्हणाली, "काय डोकं हाय तुमचं."

३ फेब्रुवारी, रविवार

बैलगाडी झाली. चाकं जरा पत्र्याच्या डब्यासारखी दिसतात, पण फिरतात. रोज संध्याकाळी खळ करतो, सकाळी मुरलेली घेतो. शीला बालवाडीत शिकवते, ती सुटल्यावर येते आणि कात्री चालवते. तिचा हात चांगला आहे. वर्तमानपत्राचे तुकडे एकावर एक लावायचे, वाळवायचे, मग वरून रंगीत घोटीव कागद. आता खळीचा रंगही बदललाय. पहिल्यांदा पांढरीफेक होती, आता काचेसारखी चकाकते आणि थोडा आंबूस वास येतो. माझा हात बसत चालला आहे हे उघड आहे.

काल मुद्दाम प्रयोग केला. पातेलं ओट्यावर न ठेवता कपाटात ठेवलं, किल्ली उशाखाली. सकाळी उघडलं तर तीच गाठींची पेज. निष्कर्ष काढला की खळीला बाहेरची हवा लागते. ठमा म्हणाली, "लागनारच की." तिला शास्त्र कळत नाही, पण हो म्हणते हे बरं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. शेळीला या दिवसांत चांगलं बाळसं आलंय.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज घरात भांडण झालं. म्हणजे मी भांडलो. न्हाणीघरामागे ठमाने मोठ्या मडक्यात गहू भिजत घातलेत. तीन तीन दिवस भिजतात, त्याचा असा आंबट वास सुटतो की जेवण जात नाही. "कुरडयांसाठी," म्हणते. फेब्रुवारीत कुरडया? बायका उन्हाळ्यात करतात. बरं, या महिन्यात हे तिसरं मडकं, आणि बाजेवर वाळत घातलेली कुरडई अजून एकही दिसली नाही. म्हटलं, "अगं, करतेस काय त्याचं?" तर तिने वाटीभर गरम चीक दूध-गूळ घालून पुढ्यात ठेवला. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि भांडण मिटलं.

तिच्या मनगटावर पोळल्याचा डाग दिसला. दूरदर्शनवर डोळे आणि चुलीवर हात, दुसरं काय होणार?

२ मार्च, शनिवार

संकष्टी. ठमा पहाटेच बायांबरोबर ओझरला गेली. आज खळ मुरली नाही, ओट्यावर ठेवूनसुद्धा. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण जे दिसतं ते नोंदवलं पाहिजे. संकष्टीला खळ मुरत नाही. गेल्या संकष्टीलाही हेच झालं होतं, डायरीत लिहायचं राहिलं.

२० मार्च, बुधवार

मोर, उतरंड, वृंदावन, गाडी. चार झाल्या. आता फक्त देऊळ राहिलं. मोराची मान हाताने दाबली तरी वाकत नाही. मी स्वतः उतरंडीतल्या सर्वात खालच्या कागदी मडक्यावर पाट ठेवून बसलो, तेही जाहीर. गेणभाऊ बघायला आला आणि बराच वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "ती असती तर..." त्याला शीलाची आई म्हणायचं होतं. तो बायकोलाही बोलताना कधी नावाने हाक मारत नसे. डोळे पुसून तो गेला.

गावात चर्चा आहे. शिंप्याच्या दुकानात मी स्पष्ट सांगितलं, की बाजारातला पांढरा गम एक थेंबही वापरलेला नाही आणि वापरणार नाही. एवढ्या कागदाला तो बादलीभर लागेल ही गोष्ट वेगळी, मुद्दा तत्त्वाचा आहे. पुण्याच्या रेडिओला 'खळ मुरविण्याची पद्धत' असं चार पानी पत्र धाडलं. रजिस्टर करून धाडलं.

पायरीवर बसून किती दिवस झाले आठवत नाही.

१ एप्रिल, सोमवार

ठमा मंचरला गेली. आमच्या लेकीचं, कल्याणीचं, दुसरं बाळंतपण आहे. पहिलं आपल्याकडे झालं, पण तिची सासू पाय मोडून खाटेवर पडलीय, तेव्हा आईनेच तिकडे जाणं भाग होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी परत येणार.

जाताना पिशवी खाली ठेवून तीनदा म्हणाली, "माझ्या मागारी देऊळ करू नका. मी आल्यावर करू."

"तू येणार लग्नाच्या दिवशी. मग काय मांडवात बसून चिकटवू?"

"मंग शीलाला इच्यारून करा."

शीलाला काय विचारायचं? बाया घराबाहेर पडताना उगाच घोर लावून जातात.

४ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस खळ मुरत नाही. संकष्टी नाही, कपाट नाही, ओटा तोच, पातेलं तेच. मैदा बदलला. पाणी विहिरीचं घेतलं. उकाडा आहे म्हणून बाज ओट्याजवळच टाकलीय, म्हणजे खळीवर नजरही राहते.

आज पहाटे डोळे उघडले तर शीला पातेल्याजवळ उभी, पदराखाली भांडं.

"काय गं?"

"ताक व्हतं का बघाय आले व्हते."

"ताक ओट्यावर असतं व्हय?"

पदर सावरत गेली. पोरीला लग्नाची धाकधूक झाली असणार. नंतर म्हणाली, "तात्या, काकीला फोन करू का?" म्हटलं, बाळंतिणीच्या घरी फोन करून पिठाच्या गप्पा मारायच्या का?

८ एप्रिल, सोमवार

मुलगा झाला. कल्याणी ठीक आहे. फोनवर ठमाने नातवाचं वजन सांगितलं आणि लगेच विचारलं, "खळ मुरती का?"

"मुरते."

मग म्हणाली, "छान."

देऊळ अशाच न मुरलेल्या खळीवर उभं केलंय. दिसायला उभं आहे. शिखर रात्रीत जरा उजवीकडे कललं, ते मी सकाळी डावीकडे ढकललं.

९ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही, पण नोंद केली नाही तर खोटेपणा होईल.

मुलाची आत्या, कुशाबाई, बस्त्याची तारीख ठरवायला आली होती. आळेफाट्याच्या हॉटेलचा सगळा कारभार ही बाई बघते. ट्रकवाले तिला घाबरतात म्हणे. गेणभाऊने कौतुकाने तिला आमच्याकडे आणलं, रुखवत दाखवायला. तिने मोर बघितला, गाडी बघितली. सगळ्यावर अंगठा दाबून बघते ही बाई, भाकरी फुगली का बघतात तसा. सगळं टिकलं. मग म्हणाली, "देऊळ झ्याक हाय," आणि शिखराला धरून उचललं.

शिखर तिच्या हातात आलं, देऊळ खाली राहिलं. मग देवळाच्या भिंती चारी दिशांना सावकाश आडव्या झाल्या. आतली खळ जमिनीवर ओघळली.

कुशाबाई रागावली नाही, हेच वाईट झालं. तिने शिखर माझ्या हातात दिलं आणि गेणभाऊला म्हणाली, "चालायचंच. आई नसली की असंच व्हतं पोरीचं." शीला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने कुशाबाईला पाणी दिलं, मला दिलं आणि आत गेली.

बोललो मी चारचौघांत, खाली मान घालावी लागली तिला.

१० एप्रिल, बुधवार

पायरीवर बसलो. साडेनऊ ते साडेपाच.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळी उठलो तेव्हा परत पायरीकडे पाय वळत होते. ते सायकलीवर टाकले आणि ओझर गाठलं. चिमाजी रिटायर झाल्यावर देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांची टपरी टाकून बसलाय. म्हटलं, लबाडाला आज विचारायचंच. चौतीस वर्षं खळ कशी मुरवत होता ते सांग म्हणावं, पाय धरायला लागले तरी चालतील.

चिमाजीने चहा मागवला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"सायेब, चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा कशाची?"

"म्या कवा केली खळ? खळ तर वैनी करायच्या की."

"कोण वैनी?"

"आता कोन वैनी? तुमच्या ठमावैनी. दर सोमवारी तुमी पुढल्या दारानं सायकल काढायचा आन म्या मागल्या दारानं डबा घिऊन जायाचो. तुमी येऊस्तवर टेबलावर. पयल्यांदा एकडाव म्या मैद्याची केली व्हती, तिला झुरळं लागली, मास्तरांनी झाडलं मला. वैनीला कळलं तशा म्हनल्या, चिमाजीभाऊ, म्या गव्हाचा चीक काढून दीत जाईन. थोडी तुरटी घालायच्या. तुमाला ठाव न्हाई?"

मी म्हणालो, "ठाऊक आहे की. तुझी परीक्षा बघत होतो."

तो हसला नाही. म्हणाला, "म्या सांगनार व्हतो तुमाला तवाच. वैनी म्हनल्या, नगा सांगू, त्यांना वाटंल बायकू हापिसात नाक खुपसतीया."

चहा संपवला. विघ्नहराच्या दारात जाऊन असं विघ्न पदरात घेऊन आलेला मी पहिलाच असेन. दर्शनही घेतलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

शेळी का फुगली ते कळलं. माझा मैदा कुठे जात होता तेही कळलं. कुरडया का दिसल्या नाहीत, मनगट कशाने पोळलं, संकष्टीला खळ का मुरत नव्हती. सगळं या डायरीतच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. चौतीस वर्षं लोकांची पत्रं बिनचूक वाटली आणि स्वतःच्या घरातलं एक वाचता आलं नाही.

मला तिचा राग यायला हवा होता. सकाळपासून वाट बघतोय, येत नाही. रेडिओला पाठवलेलं पत्र आठवलं की मात्र अंगाला घाम फुटतो.

१४ एप्रिल, रविवार

शीलाला बोलावलं. ती तांदूळ निवडत बसली.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"ओट्यावरचं."

तिने खडा काढून टाकला. "काकीनं शपथ घातली व्हती. जाताना मला म्हनली, तू बदलत जा पहाटंचं. मी आले तर तुमी बाज टाकून पहारा देत बसलेले."

"अगं, मग कुशाबाई बोलली तेव्हा तरी सांगायचंस. तुझी नाचक्की झाली त्यात."

"सांगितलं असतं तर तुमी परत पायरीवर जाऊन बसला असता." मग म्हणाली, "काकी लई रडायची तवा. तुमी भायेर बसलेले असायचा, ती आमच्याकडं येऊन रडायची."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त काहीतरी वाटलं, त्याला नाव देता येत नाही. एकवीस वर्षांच्या पोरीने स्वतःच्या सासरच्यांसमोर मान खाली घातली, का, तर म्हाताऱ्याला पायरीवर बसावं लागू नये.

शेवटी म्हणालो, "काकीला फोन करायचा नाही. तिचं तिकडे बाळंतिणीत लक्ष राहू दे. चीक कसा काढतात ते तुला येतं?"

"बघितलंय. केला न्हाई कवा."

"मग मडकं काढ."

१८ एप्रिल, गुरुवार

गहू तीन दिवस भिजवले. रोज पाणी बदललं. त्या वासाविषयी मी फेब्रुवारीत जे बोललो ते मागे घेतो, वास त्याहून वाईट आहे. मग पाट्यावर वाटले. वरवंटा माझ्या हाती दिला शीलाने. दोन तासांत कंबरेने राजीनामा दिला. जुन्या धोतरातून गाळलं, कोंडा वर राहिला, दुधासारखं पाणी खाली. ते रात्रभर निवळू दिलं. सकाळी वरचं पाणी ओतलं तर तळाशी पांढरा घट्ट गोळा. हा चीक.

पहिला घाणा करपला. दुसरा पातळ झाला, तो दूध-गूळ घालून आम्हीच खाल्ला. आता उद्या.

२० एप्रिल, शनिवार

जमली. पाणी उकळलं, तुरटीचा खडा टाकला, चीक गार पाण्यात कालवून सावकाश धार धरली आणि एकाच बाजूने ढवळत राहिलो. आधी दूध, मग एकदम काच. मधेच गेणभाऊने पुढच्या दारातून हाक मारली, मी जरा वळलो तर बुडाला लागली थोडी. पण जमली. वर्तमानपत्राचा तुकडा गोठ्याच्या भिंतीला चिकटवून वाळू दिला. दुपारी ओढला तर कागद गेला नाही, भिंतीचा पोपडा निघाला. शीला आणि मी पोपड्याकडे बघत बसलो होतो.

२८ एप्रिल, रविवार

देऊळ परत उभं केलं. चौदा थर. शिखर आतून बांबूची कांब न घालता, नुसत्या कागद-खळीवर. शीला म्हणाली, कांब घाला. मी म्हणालो, नको. हट्ट असेल, असू दे.

ठमाचा फोन आला. "खळ मुरती का?" मी म्हणालो, मुरते. ती म्हणाली, "देऊळ मोडलं तर मोडू द्या, जिवाला लावून घिऊ नका." तिला गेणभाऊने देऊळ मोडल्याचं सांगितलेलं दिसतं. तिकडे बाळंतिणीला लाडू वळताना ही बाई माझ्या पायरीची काळजी करते आहे. मला फोनवरच सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही.

५ मे, रविवार

लग्न झालं. दमलो आहे, पण हे आजच लिहिलं पाहिजे.

शाळेच्या पटांगणात मांडव. टेबलावर पाच वस्तू मांडल्या, देऊळ मधोमध. मंचरची पहिली एस.टी. पकडून ठमा नऊला उतरली आणि कोणाशी न बोलता थेट टेबलाकडे आली. देवळाकडे नजर गेली तशी तिचा चेहराच उतरला. ते तिच्या खळीचं नाही हे तिच्याशिवाय कोणाला कळणार? माझ्याकडे बघून म्हणाली, "छान झालंय," आणि देवळाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मला वाटलं कौतुकाने उभी आहे. जरा वेळाने लक्षात आलं, की ती ते अंगाने झाकते आहे.

कुशाबाई आळेफाट्याच्या दहा-बारा बाया घेऊन आली. मोर दाबला, मडकी दाबली. मग देवळाकडे.

"ताई, पंगत बसतीया, चला की," ठमा म्हणाली.

"बसू दे. वाइच सरका."

"आधी वृंदावन तर बघा."

"बघितलं. सरका म्हनते."

ठमा सरकेना. शेवटी कुशाबाईने तिला खांद्याला धरून बाजूला केलं. ठमाने डोळे मिटून घेतले. शीला मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती, तिथून तिने मान वळवली. कुशाबाईने अंगठा दाबला नाही. त्या दिवशीसारखंच शिखराला धरलं आणि देऊळ उचललं.

सगळं देऊळ उचललं गेलं. तिने ते हातभर वर धरलं, हलवून बघितलं, उलटं करून खालून बघितलं, आणि ठेवलं. मग शीलाकडे बघून म्हणाली, "त्या दिशी म्या बोलले ते इसर गं. जीभ लांब हाय माझी." शीलाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं, गेणभाऊने तर तोंडच फिरवलं.

कुशाबाईने मानाची टॉवेल-टोपी मागवली आणि विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

ठमाने मला कोपराने ढकललं. "ह्यांनीच," म्हणाली. "पोस्टात खळीचं काम व्हतं न्हवं."

मी टोपी हातात घेतली, पण डोक्यावर ठेवली नाही. म्हणालो, "कापलं शीलाने आणि मी. खळीचं सांगतो. मोर, गाडी, उतरंड, वृंदावन यांची खळ हिची, ठमाबाईची. पोस्टातली चौतीस वर्षांची खळही हिचीच. देवळाची तेवढी माझी."

बाया हसायला लागल्या, नवऱ्याने बायकोचं नाव न विचारता घेतलं म्हणून. ठमा हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून खाली बघायला लागली. कुशाबाईने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि स्वतःच्या पिशवीतून एक खण काढून ठमाच्या ओटीत घातला.

पंगत बसल्यावर टेबलाजवळ आम्ही दोघंच राहिलो.

"तुमाला कवा कळलं?"

"ओझरला. चिमाजीने सांगितलं."

"त्याला बघते." मग हळूच म्हणाली, "राग आला?"

"वाट बघितली. आला नाही."

ती देवळामागे गेली. शिखराच्या सांध्याला नखाने खरवडलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

"तुरटी लई झालीया," म्हणाली. "पावसाळ्यात कागद पिवळा पडंल."

मी टोपीची घडी केली.

"आन बुडाला लागली व्हती. ढवळताना हात थांबवला व्हता न्हवं?"

"गेणभाऊने हाक मारली."

"मारू दे. हात थांबवायचा नसतो. आन गहू कुठला घेतला? रेशनचा? अवो, त्याला चीक धरतो का? मला एक फोन करायचा तर न्हाई."

तिकडे पंगतीत वाढप्यांचा आरडाओरडा चालू होता आणि ही बाई नवा खण काखेत धरून माझ्या देवळाच्या चुका मोजत होती. आठ महिन्यांनी माझ्याशी कोणीतरी नीट बोलत होतं. मला इतकं बरं वाटलं, की चौथी चूक कोणती ते मीच तिला विचारलं.